मानेतला मासा

दुकानाला आग लागली म्हणून कोणी रडत आलं, की हा गृहस्थ आधी त्याच्या भुवया बघायचा. जळल्या असतील तर जरा विचार करायचा, नसतील तर नाहीच. विमा कंपनीत दावे तपासता तपासता त्याचे केस पिकले होते आणि स्वभाव नासला होता, असं त्याच्या बायकोचं म्हणणं. बाहेरचे सगळे त्याला तपासणीस म्हणत. घरातही त्याची तपासणी कधी थांबत नसे. दूध नासलं तर ते कधी नासलं, त्या वेळी स्वयंपाकघरात कोण होतं आणि ते आत्ताच का सांगितलं, एवढे प्रश्न विचारून झाल्यावरच ते ओतून द्यायची परवानगी मिळे.

त्याचा स्वतःचा असा एक सिद्धांत होता. 'खऱ्या दाव्यात एखादा पुरावा कमीच असतो. खोट्या दाव्यात मात्र एक तरी जास्त असतो.' हा सिद्धांत त्याने कचेरीत, लग्नकार्यात, एकदा तर दाताच्या डॉक्टरलाही तोंड उघडं असताना ऐकवला होता. नातेवाइकांना तो पाठ होता.

अशा माणसाच्या घरी मावशीने आपली दोन मातीची मुलं ठेवायला दिली.

मुलं म्हणजे नुसती डोकी, मानेपर्यंतची. भाजलेल्या लाल मातीची, मध्यम कलिंगडाएवढी, कोणी केली आणि कधी केली ते कोणालाच ठाऊक नाही. एक मुलगी होती, हसरी, एका कानाची पाळी तुटलेली. दुसरा मुलगा, गाल फुगवून असा रुसलेला की आत्ताच कोणीतरी त्याच्या हातातलं काढून घेतलंय. दोन्ही डोकी आतून पोकळ, आणि खाली मानेशी हात जाईल एवढं भोक.

तपासणीस आणि त्याचा धाकटा भाऊ लहान असताना आई रुग्णालयात कामाच्या पाळीवर गेली की दोघे मावशीकडे असत. बोलणी बसली की मुलाला उचलायचं, त्याच्या मानेला तोंड लावायचं आणि आत तक्रार सांगायची. आवाज आत घुमायचा आणि निम्मं दुःख तिथेच राहायचं. मुलीकडे तक्रार कोणी नेत नसे, कारण ती हसायची. मावशी मात्र दोघांना सारखंच पुसायची. पुसून झालं की न चुकता मुलाच्या मानेत बोट घालून चाचपायची. कोळ्याचं जाळं बघत असेल, असं दोघा भावांना वाटे.

आता मावशी म्हातारी झाली होती, नजर अधू झाली होती आणि ती लिफ्टची सोय असलेल्या इमारतीत लहान घरात राहायला चालली होती. निघताना तिने सांगितलं, "एक मोठ्याला, एक धाकट्याला. कोणाला कोण ते माझं सामान लागलं की जेवायला येईन तेव्हा ठरवीन. तोवर दोन्ही मोठ्याकडे राहू देत, त्याच्याकडे काचेचं कपाट आहे. आणि भांडलात तर दोन्ही परत नेईन, सांगून ठेवते."

"आम्ही कशाला भांडू?" दोघे एकदम म्हणाले.

दोघांनाही मुलगाच हवा होता. दोघेही ते बोलले नाहीत.

पहिले काही दिवस बरे गेले. मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक वर्तमानपत्र मागायला आले. हे गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन जात आणि त्या बदल्यात सल्ला देऊन जात, असा जुना व्यवहार होता. त्यांनी कपाटापुढे उभं राहून चष्मा वर केला, खाली केला. मुलाला हातात घेतलं, त्याचा वास घेतला, कपाळावर नखाने टकटक केलं.

"जुनं आहे. फार जुनं," ते म्हणाले. "कुलूप आहे का कपाटाला?"

"आहे. चोरीची भीती नाही."

"चोरी कोण करतो हो? अशी वस्तू चोरत नाहीत, बदलतात. हुबेहूब दुसरी ठेवून देतात. तुम्ही आपले जन्मभर नकली पोराची धूळ पुसत बसता." एवढं बोलून मुख्याध्यापक वर्तमानपत्र काखेत घालून जिना चढून गेले.

तपासणीसाने कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. इतकी वर्षं तो लोकांच्या वस्तू बदलल्या गेल्याचं शोधून काढत होता, आणि आपल्या घरातली वस्तू बदलता येते हे त्याला वरच्या मजल्याने सांगावं लागलं! त्याने त्याच दुपारी उपाय केला. बायको बाहेर गेल्याची खात्री करून घेतली, तिच्या आरशापुढची लाल नेलपॉलिशची बाटली उचलली आणि मुलाच्या मानेच्या आत, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, एक बारीक ठिपका दिला. तेवढ्यात दारात किल्ली वाजली, म्हणून आत नीट बघायचं राहून गेलं. आपण केलेली तपासणी अपुरी राहिली ही गोष्ट त्याने स्वतःपासूनही लपवून ठेवली.

त्यानंतर त्याला घरात येणारं प्रत्येक माणूस निराळंच दिसायला लागलं. मीटर बघायला आलेला माणूस मीटरपेक्षा कपाटाकडे जास्त बघतोय. पडदे शिवणारीने माप घेताना टेप कपाटावरून का नेली? धाकटा सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब आला आणि म्हणाला, "दादा, जरा बघू दे रे मुलाला," तेव्हा तपासणीसाने मुलगा त्याच्या हातात दिला, पण स्वतःचा एक हात मुलाच्या डोक्यावरून काढला नाही. दोघे भाऊ बराच वेळ एका डोक्याला धरून उभे राहिले. चहा गार झाला.

"अहो, सोडा ना," बायको आतून म्हणाली. "भाऊजी काय खाणार आहेत का त्याला?"

धाकट्याच्या बायकोला हसू आलं. पण ती ज्या बारकाईने कपाट बघत होती, ते तपासणीसाच्या बायकोच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर माणसाला थोडं तरी लागतंच.

मावशीचं सामान लागलं. ती येत्या सुट्टीला जेवायला येणार असल्याचा निरोप आला. तपासणीसाने ठिपका अजून आहे ना, याची खात्री करायला मुलाला उलटा केला, आणि या वेळी विजेरी घेतली.

ठिपका होता. पण ठिपक्याशेजारी पेन्सिलीची एक फुली होती. फुलीच्या खाली कशाने तरी ओरखडलेली एक तिरपी रेघ होती. आणि त्याच्या बरोबर समोर, मातीत कोरलेला, बोटाच्या पेराएवढा एक मासा होता. मासा म्हणजे दोन बाक आणि मागे शेपटी. डोळासुद्धा काढला होता.

तपासणीस खुर्चीत बसला. त्याचा सिद्धांत त्याच्याच घरात, त्याच्याच मांडीवर सिद्ध झाला होता. खऱ्या मुलाला एकच खूण होती, त्याने स्वतः केलेली. या मुलाला चार होत्या. म्हणजे बदलणाऱ्याने ठिपका हुबेहूब उतरवला होता, पण भरीला तीन पुरावे जास्त ठेवून गेला होता. सिद्धांत खरा ठरल्याचा आनंद व्हावा की मुलगा गेल्याचं दुःख, हे त्याला काही वेळ ठरवता येईना. मग त्याने नेमकं तेच फुगलेलं तोंड बघितलं आणि त्याला रडूच यायला लागलं.

बायकोला सांगायचं नाही हे नक्की होतं. ती संशयितांमध्ये होती. तो जिना चढून मुख्याध्यापकांकडे गेला.

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "बदलला नसेल अजून," ते म्हणाले. "हेरून ठेवला असेल. टोळ्या आधी माणूस पाठवून खूण करून ठेवतात. मागून येणाऱ्याला नेमकं काय उचलायचं ते कळावं म्हणून. मासा ही टोळीची खूण. बाकीची नुसती दिशाभूल."

"मग आता?"

"खूण पुसा. येणारा गोंधळून परत जाईल. आणि संग्रहालयात नेऊन अस्सल आहे का ते तपासून घ्या. तुम्ही तर या धंद्यातले. मी सांगायला हवं का?"

या शेवटच्या वाक्याने तपासणीसाचा स्वाभिमान दुखावला आणि म्हणूनच त्याने सल्ला मानला. पॉलिश पेपर आणून त्याने मासा घासायला घेतला. मासा चिवट होता. शेपटी गेली, पोट गेलं, डोळा शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. अखेर तिथे फिकट लाल, गुळगुळीत चकती तेवढी उरली. आता या रे, असं तो मनात टोळीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. दोन्ही डोकी टॉवेलांत गुंडाळून खेळाच्या पिशवीत भरली आणि संग्रहालय गाठलं. दारावर पहारेकरी होता. पिशवीत काय, असं त्याने विचारलं. खरं सांगितलं की दारापासूनच बातमी फुटणार, हे तपासणीसाने बसमध्येच ताडलं होतं.

"डबा आहे," तो म्हणाला.

"एवढा?"

"दोन वेळचा."

पहारेकऱ्याने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर तपासणीसाच्या ओळखीची होती. तो रोज सकाळी दाढी करताना ती आरशात बघत असे. पण आज घाई होती.

आत चौकशीच्या खिडकीत एक कारकून स्टेपलरमध्ये पिना भरत बसला होता. जुन्या वस्तूची तपासणी करून हवी आहे, असं तपासणीस म्हणाला.

"वस्तू तुमची?"

"हो. म्हणजे मावशीने ठेवायला दिलीय."

"म्हणजे मावशीची. मग मावशीचं संमतिपत्र."

"आणतो."

"आणि वस्तू मावशीची असल्याचा पुरावा. आणि मावशी तुमची असल्याचा."

"मावशी माझी असल्याचा पुरावा कसा देणार?"

"आईचा जन्मदाखला, मावशीचा जन्मदाखला, दोघींचे आईवडील एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि कोणालाही मावशी म्हणेल." कारकुनाने पिना भरल्या आणि खिडकी लावून घेतली. या माणसाने विमा कंपनीत यायला हवं होतं, असं तपासणीसाला त्याही स्थितीत वाटून गेलं.

हात हलवत परत जायची वेळ आली होती. हात मात्र रिकामे नव्हते आणि तीच अडचण झाली. दारावर पहारेकऱ्याने पिशवी पकडली.

"डबा खाल्लात?"

"नाही."

"मग उघडा बघू."

चेन उघडली. टॉवेल सरकला. आतून दोन पोरांची तोंडं वर आली, एक हसतंय, एक रुसलंय. पहारेकरी दोन पावलं मागे उडाला आणि त्याने जी शिट्टी फुंकली, ती ऐकून बागेतली कबुतरंसुद्धा उडाली.

"ही माझी आहेत!" तपासणीस ओरडला.

"आत जाताना डबा होता, बाहेर येताना मुंडकी! संग्रहालयातून मातीची डोकी घेऊन जाणारा प्रत्येक जण हेच म्हणत असेल!"

त्याला बसवून ठेवण्यात आलं. आयुष्यात पहिल्यांदा तो टेबलाच्या या बाजूला बसला होता. ही बाजू फार वाईट होती. खुर्चीचा एक पाय लहान होता, आणि काहीही खरं सांगितलं तरी ते खोटं वाटत होतं. त्याला स्वतःलासुद्धा वाटत होतं. शेवटी मूर्तिविभागाच्या प्रमुख मॅडम आल्या. त्यांच्या दालनात अशीच मातीची मुलं होती. ती मोजून झाली, सगळी जागच्या जागी निघाली. पहारेकऱ्याचं तरी समाधान होईना.

"बदलून ठेवली असतील," तो म्हणाला.

तपासणीसाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरचे मुख्याध्यापक गणवेश घालून समोर उभे असल्यासारखं त्याला वाटलं.

"तुमच्या वस्तूची काही खूण सांगता येईल?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"मुलाच्या मानेत लाल ठिपका आहे. मी दिलाय."

मॅडमनी विजेरी धरली. "आहे. आणि ही फुली?"

"ती माझी नाही."

"ही रेघ?"

"तीही नाही."

"म्हणजे एक खूण तुमची आणि दोन दुसऱ्याच कोणाच्या," पहारेकरी म्हणाला. "सापडला की नाही?"

घरी फोन लावायचं ठरलं. सगळ्यांना ऐकू येईल असा लावायचा, अशी पहारेकऱ्याची अट. बायकोने फोन उचलला.

"हे बघ, शांतपणे ऐक," तपासणीस म्हणाला. "मुलाच्या डोक्यावर पेन्सिलीची खूण आहे—"

"कुठल्या मुलाच्या डोक्याला काय झालं? अहो, तुम्ही आहात कुठे? लागलंय का कोणाला?"

"मातीच्या मुलाच्या! मानेत फुली आहे. तुला काही माहीत आहे?"

"माझीच आहे," बायको म्हणाली. "जाऊबाई परवा फार निरखून बघत होत्या. म्हटलं, उद्या काही झालं तर आपल्याला कळायला नको? तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही उगाच संशय घेता."

तपासणीसाने कपाळावर हात मारला आणि धाकट्याला फोन लावला. रेघेचं नाव काढल्याबरोबर धाकटा रडवेला झाला.

"दादा, रागावू नकोस. तुम्ही सगळे स्वयंपाकघरात होतात आणि कपाट उघडंच होतं, तेव्हा मी किल्लीने ओढली."

"का रे?"

"तू मला मुलगा हातात घेऊ देत नव्हतास. मला वाटलं, तू दुसरा करून घेतला असशील. आणि तो मला देशील."

पहारेकरी खाली बघायला लागला. लोक आपल्याला फसवतील याची तयारी तपासणीसाने आयुष्यभर केली होती. आपण फसवू असं कोणाला वाटेल, आणि तेही धाकट्याला, याची तयारी त्याने केली नव्हती. लहानपणी धाकट्याचा हात मुलाच्या मानेत अडकला होता तेव्हा साबण लावून तो त्यानेच सोडवला होता. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की धाकट्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

"घरचीच वस्तू आहे, जाऊ दे त्यांना," मॅडम पहारेकऱ्याला म्हणाल्या. "परक्या वस्तूचे इतके हाल कोणी करत नाही." मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी विजेरी जवळ नेली. "इथे काय होतं? ताजं खरवडलंय."

"मासा," तपासणीस पुटपुटला.

"कोरलेला? अहो, जुने कारागीर कधी कधी आत खूण ठेवत! डोकी जुनीच आहेत, हाताने घडवलेली, पण कोणी केली हे कळायला काहीच मार्ग नसतो. तो मासा हा मार्ग होता. कोणी खरवडला?"

तपासणीसाने पहारेकऱ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे पाहिलं, शेवटी मुलाकडे पाहिलं. मुलगा गाल फुगवून बसला होता.

"मी," तो म्हणाला.

"आता याला कोणी नखसुद्धा लावू नका," मॅडम म्हणाल्या आणि फार दुःखाने निघून गेल्या. पहारेकऱ्याने पिशवीची चेन स्वतः लावून दिली. त्याला आता या माणसाची कीव येत होती.

सुट्टीच्या दिवशी मावशी आली. जेवताना दोन्ही जावा एकमेकींना आग्रह करकरून वाढत होत्या, पण नजर देत नव्हत्या. धाकटा खाली मान घालून जेवत होता. मग मावशीने हात धुतले, आरामखुर्चीत बसली आणि म्हणाली, "आणा माझी पोरं."

मुलगी तिने नुसती कुरवाळली. मुलाला मांडीवर घेतलं, उलटा केला आणि मानेत बोट घातलं. बोट एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं. लहानपणापासून जे कोळ्याचं जाळं वाटत होतं, ते काय होतं हे तपासणीसाला त्या क्षणी कळलं.

"हा माझा नव्हे," मावशी म्हणाली.

"मावशी, तोच आहे!"

"माझ्या मुलाला मासा आहे. मी स्वतः केसातल्या पिनेने कोरलाय. तुमची आई लहानपणी दिसेल ती वस्तू आपलीच म्हणायची. म्हणून माझ्या कंगव्याला, पाटीला, सगळ्याला मासा. हा कोणाचा पोरगा आणून ठेवलात?"

म्हणजे कारागिराची खूण नव्हतीच! तपासणीसाच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं आणि ते खाली पडायच्या आत दुसरं चढलं. तो घाईघाईने सांगायला लागला की मासा आपणच घासला, टोळीला फसवण्यासाठी. बोलता बोलता त्याला कळलं की त्याच्या टेबलासमोर बसून कोणी असं सांगितलं असतं, तर त्याने तो दावा तिथल्या तिथे फेटाळला असता.

"अहो मावशी, तोच आहे," बायको मदतीला धावली. "आत माझी फुली आहे बघा."

"माझी रेघ आहे," धाकटा म्हणाला.

"माझा ठिपका आहे," तपासणीस म्हणाला.

मावशीने तिघांकडे आपली अधू नजर आळीपाळीने फिरवली. "माझी एक खूण नाही, आणि नको त्या तीन आहेत," ती म्हणाली. "तूच सांगतोस ना रे मोठ्या, खोट्यात पुरावे जास्त असतात म्हणून?"

सिद्धांतात कुठे चूक आहे हे तपासणीसाला आयुष्यात प्रथमच शोधावंसं वाटत होतं, आणि सापडत नव्हती.

तेव्हा धाकटा उठला. त्याने मुलाला मावशीच्या मांडीवरून उचललं, मानेला तोंड लावलं आणि आत मोठ्याने म्हणाला, "दादाने मला कधी फसवलं नाही. मीच उगाच संशय घेतला." आवाज आत घुमला, तोच जुना, घोगरा, ओला. मावशीने कान टवकारले.

"पुन्हा बोल."

"दादाने मला कधी फसवलं नाही!"

"हाच माझा," मावशी म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या पोटात असा आवाज घुमायचा नाही."

तपासणीसाने चष्मा काढून पुसला. काच आधीच स्वच्छ होती. धाकट्याच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं आणि त्याने ठेवला.

"मुलगा धाकट्याला," मावशीने निकाल दिला. "मुलगी मोठ्याला. त्याला घरात कोणीतरी हसणारं हवं." मग तिने अंबाड्यातली पीन काढली, मुलाला पुन्हा मांडीवर आडवा घेतला आणि मॅडमचे शब्द आठवून तपासणीस अगं अगं म्हणेपर्यंत गुळगुळीत चकतीवर पहिला बाक ओढलासुद्धा. लाल भुकटी तिच्या पदरावर पडली. दोन बाक, शेपटी, डोळा.

"आता नाही कोणी बदलत," ती म्हणाली.

निघायची वेळ झाली. धाकट्याने मुलगा टॉवेलात गुंडाळून मोठ्याच्या हातात दिला, चपला घालेपर्यंत धर म्हणून, आणि पाठ फिरवून खाली वाकला. तपासणीसाने मुलाला छातीशी धरलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मग त्याने हळूच टॉवेलातून बोट आत सरकवलं आणि मासा आहे ना, ते एकदा चाचपून बघितलं.